नकळत झालेले नुकसान आणि भाडेकऱ्याचे देणे

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात उसन्या बैलाचा, भाड्याने आणलेल्या जनावराचा आणि काट्यांतून शेजाऱ्याच्या पिकात शिरलेल्या आगीचा हिशेब दिला आहे. हा अध्याय आपल्या मंडळ्यांतून क्वचितच वाचला जातो. सीनाय पर्वतावर गर्जना व विजा झाल्या, दहा आज्ञा मिळाल्या, आणि त्यानंतर लगेच बैल, गाढव, विहीर व कणसे यांच्या गोष्टी कशास आल्या, असे पुष्कळांस वाटते. परंतु ज्या देवाने खून करू नको, चोरी करू नको असे सांगितले, त्यानेच ज्याने चोरीही केली नाही व खूनही केला नाही, पण ज्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान होऊन गेले, अशा मनुष्याने काय करावे हेही सांगितले आहे. आपणांपैकी चोर थोडे आहेत. परंतु ज्याच्या हातून दुसऱ्याची वस्तू कधीच मोडली नाही असा एकही नाही. सबब हा अध्याय आपणा सर्वांसाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एका बंधूवर असा प्रसंग आला. हा बंधू गवंडीकाम करतो. मुलांच्या शाळेसाठी त्याने तालुक्याच्या गावी एका वृद्ध बाईच्या घराच्या मागील दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. ती बाई आपल्या मंडळीतील नव्हे, एकटीच राहते, तिला सर्व घर आत्याबाई म्हणते. त्या गावी नळास तिसऱ्या दिवशी पाणी येते. एका शनिवारी सायंकाळी मुलांनी नळ उघडून पाहिला, पाणी नव्हते, तो तसाच उघडा राहिला, एस. टी. ची वेळ झाली म्हणून सर्व कुटुंब घाईने गावी उपासनेस निघून आले. रात्री नळास पाणी आले. मोरीचे तोंड बाहेरच्या बाजूने गाळाने बुजले होते. त्यामुळे पाणी खोलीत पसरले व मातीच्या भिंतीत मुरून पलीकडे आत्याबाईंच्या कोठीच्या खोलीत गेले. तेथे जमिनीवर ठेवलेली ज्वारीची दोन पोती भिजली आणि भिंतीचा हातभर उंचीचा गिलावा गळून पडला. आत्याबाई त्या रात्री आपल्या मुलीकडे गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी हा बंधू परत आला तेव्हा त्याने हे सर्व पाहिले. आत्याबाई संध्याकाळी यावयाच्या होत्या. मधे पूर्ण दिवस होता. नळ बंद करून, फरशी पुसून, बाहेर पडणाऱ्या पावसाकडे बोट दाखवणे फार सोपे होते. पावसाने भिंत भिजणे ही गोष्ट कोणास खोटी वाटली असती? त्याने मला फोन करून विचारले, "पाळकसाहेब, आम्ही काही मुद्दाम केले नाही. देवाच्या घरी गेलो होतो तेव्हा हे झाले. पावसाचे पाणी म्हणून सांगितले तर पाप लागेल काय? आणि खरे सांगितले तर दोन पोती ज्वारीचे पैसे मी कोठून आणू?"

प्रिय वाचकहो, ह्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. जे मुद्दाम केले नाही त्याचे देणे लागते काय? लागत असल्यास किती? आणि देता येत नसल्यास लपवावे काय? हे तिन्ही क्रमाने पाहू.

पहिल्या प्रश्नात आपण बहुधा अशी चूक करतो की दोष आणि देणे ह्या दोन गोष्टी एकच मानतो. "माझा दोष नाही" असे म्हटले की "माझे देणे नाही" हे आपोआप सिद्ध झाले असे आपणांस वाटते. परंतु शास्त्र ह्या दोहोंस वेगळे ठेवते. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून जवळचा मनुष्य मेला, तर तोडणाऱ्यास खुनी म्हणू नये, त्याने आश्रयाच्या नगरात पळून जाऊन जीव वाचवावा, असे अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तेथे मनातील हेतू पाहिला जातो आणि मनुष्य शिक्षेपासून वाचतो. परंतु ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला व त्यात शेजाऱ्याचा बैल पडला, त्याचा बैलाशी काही वैरभाव नव्हता. तरी बैलाची किंमत त्याने द्यावी असे निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. ज्याने बांधावरचे काटे जाळावयास आग लावली, त्याला शेजाऱ्याच्या सुड्या जाळावयाच्या नव्हत्या. तरी भरपाई त्यानेच करावी. येथे हेतू शुद्ध आहे, शिक्षाही नाही. परंतु देणे आहे.

असे का? कारण नुकसान हे घडून गेलेले असते आणि ते कोणाच्या तरी डोक्यावर बसणारच. ज्वारी भिजली हे खरे. तिची किंमत गवंडी देणार नसेल तर ती आत्याबाई देईल. तिसरा कोणी देणारा नाही. तेव्हा प्रश्न "मी पापी आहे काय" एवढाच नाही. "हा भार मी उचलावा की जिने काहीच केले नाही तिच्यावर टाकावा" हाही प्रश्न आहे. ज्याचा हात नळावर होता त्याने भार उचलणे हे न्यायाचे आहे. हे ध्यानात आले म्हणजे एक मोठा लाभ होतो. नुकसानभरपाई देणे म्हणजे आपण दुष्ट आहो अशी कबुली देणे नव्हे. आपले पुष्कळ लोक नुकसान नाकारतात ते पैशाच्या लोभाने नव्हे, तर अपमानाच्या भयाने. त्यांस सांगितले पाहिजे की निर्दोष मनुष्यही देणेकरी असू शकतो आणि मान ताठ ठेवून देणे फेडू शकतो.

आता दुसरा प्रश्न: किती? येथे उलट बाजूची चूक होते. काही घरमालक असे मानतात की भाडेकरी घरात राहिला म्हणजे घराचे जे काही बिघडेल ते सर्व त्याने भरावे. गरीब भाडेकरीही भिऊन हे मान्य करतो. परंतु देवाचा न्याय एका बाजूस झुकत नाही. त्याच बाविसाव्या अध्यायात असे आहे की उसने आणलेले जनावर धन्याच्या पाठीमागे जखमी झाले किंवा मेले तर भरपाई करावी. धनी बरोबर असेल तर करू नये. आणि जनावर भाड्याचे असेल तर त्याचे नुकसान भाड्यातच आले असे समजावे. उसने आणि भाड्याचे यांत शास्त्राने केवढा भेद केला आहे हे पाहा. उसने घेणारा फुकट वापरतो. म्हणून सर्व जोखीम त्याची. भाडे देणारा वापराचे मोल देतो. म्हणून साधारण वापराने जे झिजते त्याचे मोल त्याने आधीच दिलेले असते. यहूदी शास्त्र्यांनी ह्या अध्यायावर पुष्कळ विचार केला. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या त्यांच्या ग्रंथात दुसऱ्याची वस्तू सांभाळणारे चार प्रकारचे लोक सांगितले आहेत: फुकट राखणारा, उसने घेणारा, मजुरी घेऊन राखणारा आणि भाड्याने घेणारा. उसने घेणाऱ्याने सर्व भरावे. भाड्याने घेणाऱ्याने हरवलेल्या व चोरीस गेलेल्या वस्तूबद्दल भरावे, परंतु जनावर आपोआप मेले किंवा मोडले तर शपथ वाहून मोकळे व्हावे, असे तेथे ठरविले आहे.

आपल्या देशाचा कायदाही ह्याच वाटेने चालतो. 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 108 व्या कलमात मालक व भाडेकरी यांची कर्तव्ये दिली आहेत. करारात निराळे काही ठरले नसेल तर ती लागू होतात. भाडेकऱ्याने शहाणा मनुष्य आपली स्वतःची वस्तू जशी वापरतो तशी ती वापरावी. घर ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत परत द्यावे. परंतु वाजवी वापराने झालेली झीज आणि मनुष्याच्या आटोक्याबाहेरील शक्तीने झालेला बदल यांस तो जबाबदार नाही. त्याच्या किंवा त्याच्या नोकरांच्या कृतीने वा चुकीने बिघाड झाला आणि मालकाने तशी सूचना दिली, तर तीन महिन्यांच्या आत त्याने तो दुरुस्त करावा. आणि जी दुरुस्ती मालकाने करावयाची ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत त्याने केली नाही, तर भाडेकऱ्याने ती करून खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही सोय आहे.

आपल्या घरांत ह्याचा अर्थ असा. चुन्याचा रंग उडाला, उंबरा झिजला, दाराची कडी सैल झाली, शेगडीच्या वरची भिंत धुराने काळवंडली: ही झीज होय, हिचे मोल भाड्यात आले. वादळाने पत्रे उडाले, पुराने भिंत खचली: हा भार मालकाचा. परंतु मुलाने चेंडूने काच फोडली, कंदील कलंडून पडदा जळाला, नळ उघडा राहिला: हे भाडेकऱ्याचे देणे. आणि ज्या ठिकाणी दोघांचाही हात आहे तेथे देणेही दोघांत वाटले पाहिजे. मालकाचे कर्तव्य शास्त्राने सोडलेले नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्यास कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यास सांगितले आहे. घरात राहणाऱ्यास नव्हे.

आमच्या बंधूच्या प्रकरणात हे स्पष्ट होते. नळ उघडा राहिला ही त्याच्या घरची चूक. परंतु मोरीचे पाणी अंगणात ज्या नळीने जाते ती बुजली आहे, हे त्याने आत्याबाईंस दोन वेळा सांगितले होते आणि "दिवाळीनंतर पाहू" असे उत्तर मिळाले होते. नळी मोकळी असती तर पाणी वाहून गेले असते. नळ बंद असता तर बुजलेल्या नळीने काही बिघडले नसते. एकाचा विसर आणि दुसरीची ढिलाई मिळून ज्वारी भिजली.

परंतु हा हिशेब करण्याची वेळ केव्हा येते? खरे सांगितल्यावर. म्हणून तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. आणि त्याविषयी मी शास्त्राबरोबर माझ्या स्वतःच्या लज्जेचीही साक्ष देतो.

सुमारे बावीस वर्षांपूर्वी मी शिक्षण आटोपून नुकताच उपदेशकाच्या कामास लागलो होतो. एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध गृहस्थाची खोली मी भाड्याने घेतली होती. एके रात्री रॉकेलचा स्टोव्ह भडकला आणि आतील दाराची सागवानी चौकट वीतभर जळून कोळसा झाली. कोणी पाहिले नव्हते. मी तो भाग खरवडला, आणि त्यावर शास्त्रवचनांचे एक कॅलेंडर खिळ्याने लटकविले. आठ महिन्यांनी बदली झाली तेव्हा त्या गृहस्थाने खोलीत उभे राहून सभोवार पाहिले, अनामत रकमेचे एक हजार रुपये पुरते मोजून माझ्या हातात दिले, आणि मी ते घेतले. कॅलेंडर तेथेच राहू दिले.

पुढे पाच वर्षांनी एका तरुण उपदेशकासाठी जागा शोधत मी त्याच दारी गेलो. त्यांनी मला ओळखले. हात धरून मला त्या चौकटीपाशी नेले. तेथे नव्या लाकडाचा तुकडा बसविलेला होता. ते म्हणाले, "खोली रिकामी आहे, पण तुमच्यांपैकी कोणास आता देत नाही. जळाले त्याचे मला दुःख नाही. लाकूड आहे, जळायचेच. पण त्यावर देवाचे नाव लटकवून गेलात, ते मनातून जात नाही." मी सुताराच्या खर्चाचे पैसे पुढे केले. त्यांनी जेवढे सुतारास दिले होते तेवढेच घेतले. खोली मात्र दिली नाही. त्या तरुणास दोन वर्षे चार कोस सायकलीने ये-जा करावी लागली.

चौकट जळाली तो अपघात होता. कॅलेंडर लटकविले तो अपघात नव्हता. ज्या क्षणी मी खिळा ठोकला त्या क्षणी नकळत झालेले नुकसान जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीत बदलले. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात ह्या पापाचे नाव स्पष्ट आहे. ठेवीच्या किंवा हवाली केलेल्या वस्तूविषयी शेजाऱ्याशी लबाडी करणे म्हणजे परमेश्वराचा विश्वासघात करणे, असे तेथे म्हटले आहे. अशा मनुष्याने मुद्दल तर द्यावेच, पण त्याचा पाचवा हिस्साही त्यात मिळवून द्यावा. आणि हे करून मग वेदीजवळ यावे. प्रभू येशूनेही डोंगरावरील प्रवचनात तोच क्रम ठेवला आहे: अर्पण वेदीपुढेच राहू दे, आधी भावाशी समेट कर. मी आठ महिने त्या खोलीतून उठून उपासना चालविण्यास जात असे. माझे अर्पण कोणत्या वेदीवर पोहोचले असेल?

मी ही गोष्ट त्या सोमवारी आमच्या बंधूस फोनवर सांगितली. दुसरा काही उपदेश केला नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरे, मी येथेच थांबतो." त्याने दिवसाची मजुरी बुडविली, भिजलेली पोती उघडून वाळण्यासारखी ज्वारी छपराखाली पसरली, आणि आत्याबाई उंबऱ्यावर येताच नळाची गोष्ट त्यांस सांगितली. त्या फार रागावल्या. दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सर्वच ज्वारीचे पैसे मागितले. तेव्हा त्याने मोरीची गोष्ट नम्रपणे काढली. आणि तिच्याने ती नाकारवली नाही, कारण ज्याने आपली चूक न विचारता सांगितली होती त्याचे दुसरे बोलणेही खरेच असणार हे तिला दिसत होते. शेवटी असे ठरले: गिलावा त्याने आपल्या हाताने व आपल्या सामानाने करून द्यावा, मोरीची नळी तिने बदलावी, वाळवून जी ज्वारी खाण्याजोगी राहिली ती सोडून बाकीची अर्धी किंमत त्याने चार महिन्यांत फेडावी. आजपर्यंत तीन हप्ते दिले गेले आहेत. त्या घरात अजून पूर्वीसारखे बोलणे नाही. पण त्याची खोली सुटली नाही.

आता दोन शंकांचा विचार करू. कोणी म्हणतो, "जे झाले ते देवाच्या इच्छेने झाले, मग मनुष्याने भरपाई का करावी?" ह्या मनुष्याने असे पाहावे की तो हे वाक्य केव्हा बोलतो. त्याचे स्वतःचे नुकसान दुसऱ्याने केले तेव्हा तो ते बोलत नाही. देवाच्या इच्छेवर विश्वास हा आपले दुःख सोसण्यासाठी दिलेला आहे. शेजाऱ्याचे देणे बुडविण्यासाठी नव्हे. दुसरा म्हणतो, "आम्ही नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहो." खरे आहे. परंतु कृपा पावलेल्या जक्कयाने काय केले? त्याचे तारण झाले त्याच दिवशी त्याने चौपट परत देण्याचे वचन दिले. आणि पौलाने अनेसिमाविषयी फिलेमोनास काय लिहिले? त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, असे त्याने स्वहस्ताने लिहून दिले. कृपेने देणे पुसले जात नाही. ते फेडावयास दुसरा कोणी पुढे येतो. आपल्या प्रभूने आपल्यासाठी हेच केले. हाच पौल रोम शहरी दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला व तेथे येणाऱ्या सर्वांस त्याने देवाचे राज्य गाजविले, हेही उपदेशकांनी विसरू नये. आपली भाड्याची खोली हीच पुष्कळ वेळा आपले पहिले व्यासपीठ असते.

मंडळीतील जे स्वतः घरमालक आहेत त्यांसही एक शब्द. अनामत रक्कम ही लूट नव्हे. ती गहाण होय. गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्यापूर्वी परत कर, असे ज्याने सांगितले तो गरिबाच्या अनामत रकमेविषयीही विचारील. झिजलेल्या उंबऱ्याचे पैसे कापून घेणारा मालक आणि जळलेली चौकट झाकणारा भाडेकरी हे एकाच तराजूत तोलले जातील. आणि ज्यास खरोखर देता येत नाही त्यास मुदत द्यावी, किंवा सोडावे. दहा हजार हजार रुपयांचे ऋण ज्यास माफ झाले त्या चाकराने शंभर पावल्यांसाठी सोबत्याचा गळा धरला, त्याचे पुढे काय झाले हे आपणांस ठाऊक आहे.

व्यवहारात इतके करावे. खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी मालकाबरोबर ती फिरून पाहावी आणि जे आधीच तडकले वा मोडले आहे ते दोघांनी कागदावर लिहून सह्या कराव्या. जेथे 1999 सालचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तेथे करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. हे गरीब भाडेकऱ्याने जाणून असावे. भाड्याची पावती मागून घ्यावी. मालकाने करावयाची दुरुस्ती तोंडी सांगून थांबू नये, लिहून द्यावी. काही मोडले तर त्याच दिवशी सांगावे; दुसऱ्या दिवशी सांगणे दुप्पट कठीण होते आणि आठव्या दिवशी जवळजवळ अशक्य, हे मी अनुभवाने सांगतो. हातात कसब असेल तर हाताने फेडावे. एकट्यास फेडणे न जमल्यास मंडळीच्या पंचांस सांगावे. आपल्या एका कुटुंबाचे देणे चार घरांनी उचलणे ही मंडळीची लाज नव्हे, शोभा आहे.

दुसऱ्या राजांच्या सहाव्या अध्यायात संदेष्ट्यांच्या शिष्यांची एक लहानशी गोष्ट आहे. यार्देनेच्या काठी लाकडे तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले. त्याने मुद्दाम टाकले नव्हते. तरी तो ओरडला, आणि ओरडला तो आपल्या कामाचा खोळंबा झाला म्हणून नव्हे, तर कुऱ्हाड उसनी आणलेली होती म्हणून. अलीशाने त्यास विचारले ते एवढेच, की पाते कोठे पडले? त्याने ती जागा दाखविली, आणि मग लोखंड वर आले. वाचकहो, आपल्याजवळ जे आहे ते सर्व दुसऱ्याचे आहे. हे शरीर, ही मुले, ही चार दिवसांची जागादेखील. त्यात जे आपल्या हातून मोडेल, त्याची जागा आपण न लपविता दाखवू. जागा दाखविली नाही तर ते पाते पाण्यातून कोण काढील?